मुंबई उच्च न्यायालयातल्या तरुण वकिलांना खुलं पत्र: डेक्लन कॉस्टेलो यांना कुठल्या खणात ठेवाल?

प्रति,
मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि आता कोल्हापूर इथं वकिली करणाऱ्या तरुण मंडळींना

सप्रेम नमस्कार.

2025 च्या ऑगस्टमध्ये एका राजकीय पक्षाच्या माजी प्रवक्त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या, तेव्हा तुमच्यात जी जुंपली ती मी इथून, डब्लिनमधून, वाचत होतो. एका बाजूचं म्हणणं, ज्यानं पक्षाचा झेंडा खांद्यावर घेतला त्यानं न्यायासनावर बसूच नये. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, राजीनामा दिला, विषय संपला. मग ठरलेली दोन पानं पडली. एकानं कृष्ण अय्यर काढले: 1957 साली केरळात मंत्री, 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयात. दुसऱ्यानं बहरुल इस्लाम काढले: काँग्रेसचे खासदार, मग न्यायाधीश, मग पुन्हा काँग्रेसचे खासदार. हा डाव आपण गेली चाळीस वर्षं याच दोन पानांवर खेळतोय, आणि दोघंही आपापल्या जागी खरे असल्यामुळे तो कधी संपत नाही.

मला तिसरं नाव पुढे करायचंय: डेक्लन कॉस्टेलो, आयर्लंडमधले खासदार, जे पुढे तिथल्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. ते कुणाच्याच बाजूनं नीट वापरता येत नाही, म्हणूनच.

डेक्लन कॉस्टेलो यांचा जन्म 1926 चा. वडील जॉन ए. कॉस्टेलो दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान, आणि त्यांच्याच कारकिर्दीत 1949 च्या ईस्टर सोमवारी आयर्लंड रीतसर प्रजासत्ताक झालं. म्हणजे घराणेशाहीचा आरोप इथूनच सुरू करता येईल. मुलगा 1948 मध्ये बॅरिस्टर झाला आणि 1951 मध्ये, पंचविशी पूर्ण व्हायच्या आत, डब्लिन नॉर्थ-वेस्टमधून फिना गेल पक्षातर्फे डॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, निवडून गेला. फिना गेल हा तेव्हा मोठे शेतकरी, व्यापारी आणि वकील यांचा पक्ष. सभ्य आणि सुस्त. पुष्कळ खासदार सकाळी फोर कोर्ट्समध्ये, म्हणजे डब्लिनच्या मुख्य न्यायालयांच्या इमारतीत, कोट चढवायचे आणि दुपारनंतर सभागृहात उगवायचे.

1955 मध्ये डब्लिनमधल्या एका आईनं वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली: ज्यांच्या मुलांना बौद्धिक अपंगत्व आहे अशा पालकांनी एकत्र येऊया. त्यातून सेंट मायकेल्स हाउस ही संस्था उभी राहिली. कॉस्टेलो तिच्या पहिल्या फळीतले, आणि पुढे वर्षानुवर्षं तिचे अध्यक्ष. त्या काळात अशा मुलाला घरात लपवायचं किंवा मोठ्या संस्थेत कायमचं ठेवून यायचं, एवढेच दोन मार्ग होते. दिवसा शाळा आणि रात्री आपलं घर ही मागणीच नवी होती. ही संस्था लक्षात असू द्या, तिच्याकडे मला परत यायचंय.

मग आलं 1964. कॉस्टेलोंनी आपल्याच पक्षाला आठ कलमी मसुदा दिला. अर्थव्यवस्थेचं पूर्ण नियोजन हवं, बँका कर्ज कुणाला देतात यावर सरकारचा ताबा हवा, उद्योगात सरकारनं थेट पैसा घालावा, समाजोपयोगी कामांवरचा खर्च वाढवावा आणि कराचा भार अप्रत्यक्ष करांऐवजी प्रत्यक्ष करांवर न्यावा. माजी पंतप्रधानांचा मुलगा, उजव्या वळणाच्या पक्षात, हे बोलत होता! ज्येष्ठ मंडळी हबकली. तरी 1965 च्या निवडणुकीत हाच मसुदा फुगून ‘न्याय्य समाजाकडे’ अशा अर्थाच्या नावानं पक्षाचा जाहीरनामा झाला. जागा मात्र एकही वाढली नाही. नेते जेम्स डिलन यांचा या सगळ्यावर विश्वास नव्हता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. 1969 मध्ये कॉस्टेलोंनी निवडणूक लढवली नाही. त्यांची माणसं मात्र राहिली. पुढे पंतप्रधान झालेले गॅरेट फिट्झगेरल्ड यांच्यासारख्यांना या पक्षात जागा दिसली ती कॉस्टेलोंमुळे.

1973 मध्ये ते पुन्हा निवडून आले आणि पंतप्रधान कॉस्ग्रेव्ह यांच्या सरकारात ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचे मुख्य कायदा सल्लागार, झाले. ही चार वर्षं मला त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी वाटतात. तोवर आयर्लंडमध्ये गंभीर गुन्ह्याचा खटला चालवायचा की नाही हे ॲटर्नी जनरल ठरवत असे, म्हणजे मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसणारा, सरकारनं नेमलेला माणूस. कॉस्टेलोंच्या काळात 1974 चा कायदा झाला आणि तो अधिकार एका स्वतंत्र अभियोग संचालकाकडे गेला. म्हणजे यांनी आपल्याच टेबलावरची सगळ्यात मोठी सत्ता उचलून दुसऱ्याला देऊन टाकली. आंदोलनातले राजकीय खटले मागे घ्यायचे शासन निर्णय आपल्याकडे दर सरकारात निघतात. ते वाचताना मला हा 1974 चा कायदा हटकून आठवतो. पुढच्याच वर्षी कायदा सुधारणा आयोगाचा कायदा आला, तोही त्यांच्याच कारकिर्दीत.

आणि स्ट्रासबर्ग, म्हणजे युरोपीय मानवी हक्क न्यायालय. 1971 मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांनी स्थानबद्ध केलेल्या चौदा जणांना डोक्यावर कापडी बुरखे घालून तासन्‌तास भिंतीला टेकून उभं केलं होतं, कानात सतत कर्कश आवाज, झोप नाही, अन्नपाणी तुटपुंजं. आयर्लंडनं ब्रिटनला युरोपीय मानवी हक्क आयोगापुढे खेचलं. खटला आधीच्या सरकारनं दाखल केला होता, तो पुढे नेला कॉस्टेलोंनी. लंडनशी वाटाघाटी चालू असताना तो मागे घ्यावा म्हणून दडपण कमी नव्हतं. आयोगानं 1976 मध्ये त्या वागणुकीला छळ म्हटलं. न्यायालयानं 1978 मध्ये तो शब्द काढून ‘अमानुष आणि मानहानीकारक’ असा सौम्य केला, पण त्याआधीच ब्रिटिश सरकारनं या पद्धती पुन्हा वापरणार नाही अशी हमी न्यायालयात दिली होती.

आता तुमच्या वादाचा भाग. 1977 च्या मे महिन्यात, निवडणूक तोंडावर असताना, ज्या सरकारात ते बसत होते त्याच सरकारनं त्यांना उच्च न्यायालयाचं न्यायाधीश नेमलं. जूनमध्ये ते सरकार निवडणूक हरलं. मध्ये एक दिवसाचीही फट नाही. मुलाखत नाही, शिफारस मंडळ नाही. आयर्लंडमध्ये असं मंडळ आलंच मुळी 1995 मध्ये. ॲटर्नी जनरलचा रिकाम्या जागेवर पहिला हक्क, ही तिथली वहिवाट. पहिले सरन्यायाधीश ह्यू केनेडी यांच्यापासून ती चालत आलेली. तेही ॲटर्नी जनरल आणि निवडून आलेले खासदार होते. टॉम ओ’हिगिन्स तर राष्ट्रपतिपदाच्या दोन निवडणुका हरले आणि 1973 मधल्या दुसऱ्या पराभवानंतर पुढच्याच वर्षी सरन्यायाधीश झाले. तुमच्या कुठल्याही कसोटीवर कॉस्टेलोंची नेमणूक नापास होते. मी तिचं समर्थन करत नाहीये.

पण पुढची वीस वर्षं बघा.

1979 च्या जानेवारीत बँट्री उपसागरात व्हिडी बेटाच्या धक्क्याला लागलेलं बेटेलज्यूज हे फ्रेंच तेलवाहू जहाज फुटलं. पन्नास माणसं गेली. चौकशी आयोगावर कॉस्टेलो. जहाज तोताल कंपनीचं, धक्का गल्फ ऑइलचा, दोन्ही बड्या. कॉस्टेलोंनी जहाजाच्या दुरवस्थेचं माप तोतालच्या पदरात घातलं, आणि आणीबाणीत ज्या माणसानं नियंत्रण कक्षात असायला हवं होतं तो तिथं नव्हताच, ही गोष्ट गल्फच्या लोकांनी दडवली, हेही रोखठोक लिहिलं. कागदाशी बसणारा, साक्षीदाराला न सोडणारा न्यायाधीश असा त्यांचा लौकिक झाला. मूलभूत हक्कावर सरकारनं घातलेलं बंधन उद्दिष्टाच्या प्रमाणात आहे का, ही कसोटी आयरिश कायद्यात रुजवली तीही त्यांनीच, 1994 च्या हीनी खटल्यात, कॅनडाच्या निकालांवरून. तीच कॅनडाची वाट आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मॉडर्न डेंटल कॉलेजच्या निकालात धरली.

आणि याच माणसाचा लिमेरिकचा निकाल.

आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा भटका समाज आहे. भटक्या-विमुक्तांचा प्रश्न ज्यानं जवळून पाहिलाय त्याला वेगळं काही सांगायला नको. लिमेरिक शहरात त्यांची काही कुटुंबं रस्त्याकडेला गाड्यांमध्ये राहत होती. नळ नाही, संडास नाही, कचरा उचलला जात नाही. महापालिकेनं पाणी आणि शौचालयाची सोय असलेली जागा द्यावी, अशी त्यांची मागणी. 1980 च्या दशकाअखेर ओ’रायली विरुद्ध लिमेरिक महापालिका या नावानं ती कॉस्टेलोंपुढे आली. ‘न्याय्य समाज’ लिहिणारा माणूस समोर बसलाय म्हटल्यावर त्यांच्या वकिलांना बरं वाटलं असेल.

त्यांनी मागणी फेटाळली. परिस्थिती वाईट आहे हे मान्य केलं. पण सार्वजनिक पैसा कुणाला किती द्यायचा हा वाटपाच्या न्यायाचा प्रश्न, आणि तो संसदेचा. दोन पक्षांमधलं देणंघेणं चुकतं करणं हे न्यायालयाचं काम. हा भेद त्यांनी थेट ॲरिस्टॉटलपासून आणला. न्यायाधीश म्हणून मी तुम्हाला पैसे वाटायला लागलो, तर इतर कुणाच्या गरजा मी तोलल्या नाहीत त्याचं काय, असा त्यांचा प्रश्न होता.

ज्यांनी ओल्गा टेलिसचा 1985 चा निकाल शाळेच्या नागरिकशास्त्रासारखा पाठ केलाय त्यांनी थांबून विचार करावा. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना आपल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग’ असं सांगितलं, आणि झोपड्या काढायला परवानगीही दिली, पावसाळा संपल्यावर. कॉस्टेलोंनी गोड शब्द दिले नाहीत आणि जागाही दिली नाही. कुठला न्यायाधीश जास्त प्रामाणिक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मार्गदर्शक तत्त्वं आपण आयर्लंडच्या राज्यघटनेवरून घेतली हे प्रत्येक परीक्षेत लिहितो. ती तत्त्वं न्यायालयाबाहेर ठेवायची असं त्या घटनेनं जे बजावलंय ते मनापासून पाळणारा न्यायाधीश कसा दिसतो, ते लिमेरिकमध्ये दिसतं.

मला यात एका माजी राजकारण्याची शिस्त दिसते. ज्यानं कधी मतं मागितली नाहीत, अर्थसंकल्पावर भांडण केलं नाही, त्याला न्यायासनावरून योजना आखण्याचा मोह जास्त होतो. कॉस्टेलोंना ठाऊक होतं की ती लढाई कुठे लढायची असते. ते ती लढले होते आणि हरले होते. खासदार म्हणून जे मिळालं नाही ते न्यायाधीश म्हणून काढून घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवलेलं दिसतं.

पण त्याची किंमत कुणी मोजली? 2001 मध्ये एका तीव्र स्वमग्न तरुणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. राज्यानं त्याला लहानपणी शिक्षण दिलंच नव्हतं. आता वयानं मोठा झाला तरी गरज आहे तोवर द्यावं, अशी मागणी. न्यायालयानं मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क अठराव्या वर्षी संपतो असं ठरवलं, आणि न्यायालयानं सरकारच्या खर्चात हात घालू नये हे सांगताना ज्या निकालाचा आधार घेतला तो लिमेरिकचा, कॉस्टेलोंचा. सेंट मायकेल्स हाउस उभं करणाऱ्या माणसाचे शब्द, आणि त्याच मुलांच्या विरोधात.

यातली बोच अशी की 1994 मध्ये, विकलोमधल्या ट्रॅव्हलर कुटुंबांच्या खटल्यात, कॉस्टेलोंनी स्वतः ती टोकाची भूमिका सोडली होती. पण तो निकाल जागेवर, तोंडी दिलेला, अहवालात न छापलेला. छापलेलं मत टिकलं. बदललेलं मत सरन्यायाधीश कीन यांनी एका निकालात उल्लेखलं आणि विषय तिथंच राहिला. आपला मोठा निकाल बदलायचा तर तो लिहून बदलावा, एवढी साधी गोष्ट त्यांनी का केली नाही याचं मला नवल वाटतं.

आता सगळ्यात अवघड प्रकरण. 17 फेब्रुवारी 1992. चौदा वर्षांची मुलगी, बलात्कारातून गरोदर. आईवडील तिला गर्भपातासाठी इंग्लंडला घेऊन गेले. त्यांनी आयरिश पोलिसांना विचारलं, गर्भाच्या पेशींचा नमुना आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालेल का? या सरळ प्रश्नामुळे गोष्ट ॲटर्नी जनरलपर्यंत पोचली, त्यांनी मनाई हुकूम मागितला, कुटुंब परत आलं. 1983 च्या घटनादुरुस्तीनं आई आणि गर्भ यांच्या जिवाला समान हक्क दिला होता. मुलगी आत्महत्येच्या विचारात आहे, असा पुरावा समोर होता. कॉस्टेलोंनी तोललं: ती जीव देईल हा धोका आहे, गर्भ जाईल ही खात्री आहे, धोका खात्रीपेक्षा कमी. तिला नऊ महिने देशाबाहेर जायला बंदी.

नऊ महिने. आकडा वाचून अंगावर काटा येतो. रस्त्यावर हजारो लोक उतरले. आयरिश टाइम्समध्ये मार्टिन टर्नर यांचं व्यंगचित्र आलं: आयर्लंडच्या नकाशाभोवती काटेरी तारांचं कुंपण, आत हातात टेडी घेतलेली एक मुलगी. पंधरवड्याच्या आत सर्वोच्च न्यायालयानं हुकूम उठवला आणि 5 मार्चला चार विरुद्ध एक अशी कारणं दिली: आत्महत्येचा धोका हाही आईच्या जिवाला धोकाच, म्हणून गर्भपाताला मुभा.

इथं तुमचा पक्षाचा प्रश्न लावून बघा. हुकूम मागणारे ॲटर्नी जनरल फियाना फॉलच्या नेतृत्वाखालच्या सरकारचे होते, म्हणजे कॉस्टेलोंच्या जन्मभराच्या विरोधकांचे. देणारे फिना गेलचे. पक्षाचा तिथं काडीचा संबंध नव्हता. संबंध कशाचा होता याचा माग 1956 मध्ये सापडतो. खासदार असताना कॉस्टेलोंनी नैसर्गिक कायदा आणि आयरिश राज्यघटना यांवर एक लेख लिहिला होता, एका श्रद्धाळू कॅथलिक वकिलाचा. जो मनुष्य छत्तीस वर्षांपूर्वी हे छापून मोकळा झाला होता, त्याच्यापुढे हे प्रकरण आलं. घटनेतले शब्द कडक होते हे खरं, शब्द त्यांनी बनवले नव्हते हेही खरं. पण त्याच शब्दांतून चार न्यायाधीशांना वाट दिसली. लिमेरिकमध्ये ज्यांनी स्वतःच्या मताला दाराबाहेर ठेवलं, त्यांना डब्लिनमध्ये ते जमलं का? मला वाटतं, नाही. जे मत आपल्याला मत वाटतं ते बाजूला ठेवता येतं. जे सत्यच वाटतं ते ठेवता येत नाही.

हे प्रकरण बेळगावपर्यंत कसं आलं ते तुम्हाला ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयानं 1992 मध्ये जी मुभा दिली तिचा कायदा वीस वर्षं कुठल्याही सरकारनं केला नाही. न्यायमूर्ती मॅकार्थी यांनी त्याच निकालात संसदेला या आळसासाठी झोडपलं होतं. 28 ऑक्टोबर 2012 ला गॉलवेच्या रुग्णालयात बेळगावची सविता हलप्पनवार, दंतवैद्य, वय 31, जंतुसंसर्गानं गेली; गर्भ वाचणार नव्हता, पण ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला होता. 2013 मध्ये कायदा आला, 25 मे 2018 ला सार्वमतानं ती घटनादुरुस्तीच गेली. याचा दोष कॉस्टेलोंवर टाकणं अन्यायाचं होईल, त्यांचा हुकूम तर केव्हाच रद्द झाला होता. दोष त्यांच्या जुन्या व्यवसायाचा, खासदारकीचा.

शेवटची वर्षं थोडक्यात. 1994 च्या नोव्हेंबरमध्ये, 1992 चा तो मनाई हुकूम मागणारे ॲटर्नी जनरल, हॅरी व्हेलेहन, उच्च न्यायालयाचे अध्यक्ष नेमले गेले, त्यावरून सत्ताधारी आघाडी फुटली, त्यांनी दोन दिवसांत राजीनामा दिला आणि सरकारही गेलं. ती खुर्ची मग 1995 पासून 1998 पर्यंत कॉस्टेलोंनी भूषवली. निवृत्तीनंतर केमन बेटांवरच्या ॲन्सबाखर या करचुकवेगिरीच्या खात्यांच्या चौकशीत काही काळ निरीक्षक. 2011 च्या जूनमध्ये निधन, वय 84.

आता तुमच्याकडे मागणं. ‘पक्षात होते का?’ हा प्रश्न विचारणं सोपं आहे कारण उत्तर हो-नाहीत मिळतं. मुंबईचे वकील सोमशेखर सुंदरेसन यांच्या वेळी काय झालं आठवा: समाजमाध्यमांवर मतं मांडली म्हणून सरकारनं त्यांचं नाव परत पाठवलं, न्यायवृंदानं, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या निवड मंडळानं, जानेवारी 2023 मध्ये कारणं छापून ते पुन्हा धाडलं, आणि नोव्हेंबरमध्ये ते तुमच्याच न्यायालयात न्यायाधीश झाले. ती छापलेली कारणं मला त्या प्रकरणातली खरी कमाई वाटते. तेव्हा आनंदलेल्यांपैकी कितीजणांनी 2025 मध्ये तशीच छापील कारणं मागितली? मी तर ‘हटवा’ आणि ‘गप्प बसा’ एवढंच वाचलं.

आयर्लंडनं कॉस्टेलोंच्या पद्धतीला 1 जानेवारी 2025 पासून रजा दिली. आता नेमणूक आयोग आहे, सरन्यायाधीश अध्यक्ष, न्यायाधीश आणि सामान्य नागरिक समसमान, ॲटर्नी जनरल बसतात पण त्यांना मत नाही. मुलाखत होते आणि सरकारला त्यांच्या यादीबाहेर जाता येत नाही. या आयोगापुढे 1977 चे कॉस्टेलो आले असते तर कदाचित निवडलेही गेले असते, फक्त त्यांना 1956 चा लेख समोर ठेवून कुणीतरी प्रश्न विचारला असता. आपला न्यायवृंदही डिसेंबर 2024 पासून उमेदवारांना समक्ष भेटू लागलाय. त्या भेटीत काय विचारलं, राजकीय भूतकाळ माहीत होता का, आणि असून का निवडलं, हे तीन ओळींत छापा असं लेखी निवेदन तुमच्या वकील संघटनांनी द्यावं. पुढचं नाव कुठल्याही पक्षाच्या माणसाचं असो, तेच निवेदन, तेच शब्द, फक्त तारीख बदलून.

आणि जो कनिष्ठ वकील हे निवेदन टाइप करेल त्यानं कृपया लिमेरिकचा निकाल मुळातून वाचावा. चर्चा करायची असेल तर मी आहेच.

आपला,
डब्लिनमध्ये वकिली करणारा एक मुंबईकर